आबांचं सीरम

एसटीच्या पायरीवरून वडलांना, आबांना, उतरवून घ्यायला योगिनीनं त्यांचं मनगट धरलं आणि तिच्या अंगठ्याखालची कातडी सरकली. उकडलेल्या बटाट्याची साल सरकावी तशी, जोर न लागता. आबांनी हात झटकन मागं घेतला आणि उपरण्याखाली लपवला. "काय न्हाय, भाजलंय जरा," ते म्हणाले. भिगवणहून आलेली गाडी बारामतीच्या स्टँडवर घरघरत उभी होती, मागची माणसं पिशव्या पुढं रेटत होती, कंडक्टर "चला आजोबा, चला" करत होता, आणि योगिनी स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिली होती. अंगठ्याला ओलसर, किंचित चिकट काही लागलं होतं. एप्रिलचं ऊन डोक्यावर असताना आबांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, वरून उपरणं घट्ट लपेटलं होतं, आणि सदऱ्याला छातीवर जागोजागी पिवळट डाग पडून वाळले होते. मागून तिचा धाकटा भाऊ दादासो उतरला. बहिणीचा चेहरा बघून त्याला सगळं समजलं असावं. "ताई, हाताला धरू नगंस त्यास्नी," तो हळूच म्हणाला. "धरलं की सुटतंय."

धरलं की सुटतंय. हे तिनं आधी कुठंतरी पाहिलेलं होतं. पुण्यात, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी, दामले सरांनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं होतं आणि काचेच्या बशीतलं कॅल्शियम ओढून घेणारं एक द्रावण थेंबाथेंबानं सोडलं होतं. बशीच्या तळाला पेशी फरशीसारख्या एकमेकींना लागून पसरलेल्या होत्या. बघता बघता त्यांच्या कडा आखडल्या, एकेक पेशी अंग चोरून गोल झाली आणि सगळा तळ सुट्या मण्यांनी भरून गेला. "मेल्या का सर?" तिनं घाबरून विचारलं होतं. "छे. जिवंत आहेत. फक्त सुटल्यात." त्या दिवशी तिला डबा खाल्ला गेला नव्हता. पेशींच्या अंगावर आकड्यांसारखे रेणू असतात, एकीचा आकडा दुसरीच्या आकड्यात अडकतो, कॅल्शियम असेल तोवर ते ताठ राहतात, एवढं पुस्तकात लिहिलेलं होतं. शेजारीण सुटली हे पेशीला आतून कळतं का, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. आकडा निघाला म्हणजे नुसता निघाला, की आत कुणाला निरोप जातो? हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो भाड्याच्या खोलीतल्या पालीसारखा राहूनच गेला. हाकलावा तर दिसत नाही, विसरावा तर चुकचुकतो. त्याच्यापायी तिची तिशी गेली. शिष्यवृत्ती संपली, पुण्यातली कायमची जागा दरवेळी कुणा दुसऱ्याला मिळाली. आणि तिनं जे प्रथिन कोंबडीच्या गर्भात वर्षानुवर्षं शोधलं, त्याच घराण्यातल्या त्वचेमधल्या रेणूची संपूर्ण रचना अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेनं उलगडून छापून टाकली. सरांनी त्या नियतकालिकाचा अंक तिच्या टेबलावर उघडा ठेवला होता आणि ते चहाला निघून गेले होते. त्यानंतर ती बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आली, जळोचीत दोन खोल्या घेतल्या, आणि दर शनिवारी पुण्याची गाडी धरून सरांच्या प्रयोगशाळेत जाऊ लागली. सोमवार ते शुक्रवार बेडकाचं हृदय आणि झुरळाचे पाय, शनिवारी तो प्रश्न. ना इकडची ना तिकडची, असं तिला पुण्याला जातानाही वाटे आणि परततानाही वाटे.

रिक्षात दादासो सांगत होता. तोंड आलं म्हणून सुरुवात झाली. भाकरी जाईना, मग दुधात कुस्करून देऊ लागले, मग तेही झोंबायला लागलं. गावाकडच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वं दिली. मग छातीवर पाण्याचे फोड आले, फुटले, आणि फुटलेली जागा भरेचना. "लोकं म्हनाया लागली, अंगावर उठलंय कायतरी. रोहिणीनं पोराला जवळ जाऊ दिलं न्हाय. मी तिला काय बोलू? मलाबी भ्याच वाटत हुतं." रोहिणी म्हणजे त्याची बायको. आबा बाहेर बघत होते. नीरा कालव्याच्या पुलावरून रिक्षा गेली तेव्हा ते म्हणाले, "मीच गोठ्यात ऱ्हायला गेलो. त्यांनी कुणी घालवलं न्हाय." हे ते ज्या तोऱ्यात म्हणाले तो तोरा योगिनीला चांगला ओळखीचा होता. कळप विकला तेव्हाही ते असंच म्हणाले होते, कुणी विकायला लावला न्हाय, मीच विकला. ती तेव्हा लहान होती. उजनी धरणाचं पाणी त्यांच्या गावाच्या, डाळजच्या, शिवाराजवळ आलं, ऊस आला, साखर कारखान्याचा सभासद होणं आलं, आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणच्या अंगाला उतरणारे आबा एका जागी बसले. बसले म्हणजे काय, बसता येत नसे त्यांना. उसाच्या सऱ्यांतूनसुद्धा ते असे चालत, की पुढं कळप आहे. त्या वाटेवरचं तिला फार थोडं आठवे. पावसाळी वास मारणारी लोकर, दोन कोकरांच्या मधे कोंबून झोपवलेली आपण, आणि आबांचा खरबरीत, कडक हात. त्या हाताला बोरीचा काटासुद्धा रुतत नसे. तो हात आता उपरण्याखाली होता. तिला वाटलं, हे मला माहीत आहे. हे काय आहे ते मला नावानिशी माहीत आहे. आणि या माहितीबरोबर मनात जे उठलं ते नुसतं भय नव्हतं.

डॉ. विजयसिंह हे बारामतीतले त्वचेचे डॉक्टर. बुटके, कमी बोलणारे. त्यांनी आबांना आडवं केलं, खांद्याजवळच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर बोटानं हलकेच तिरपं घासलं. कातडी सुरकुतली आणि निघाली. आबांनी डोळे मिटून घेतले. "आबा, आधी का नाही आलात?" डॉक्टर म्हणाले, आणि मग योगिनीकडं वळून, "पेम्फिगस. पुण्याला तुकडा पाठवू तपासायला, पण शंका नाही. शरीर स्वतःच्याच कातडीविरुद्ध—"

"अँटिबॉडी तयार करतं," योगिनी म्हणाली. "पेशी एकमेकींना धरतात त्या रेणूविरुद्ध."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मी याच रेणूंवर काम करते." हे वाक्य बोलताना तिला विचित्र लाज वाटली, जणू हा आजार तिनंच घरी आणला होता.

"मग तुम्हाला काय सांगायचं. पूर्वी यात माणसं जायची. आता स्टेरॉईडचा मोठा डोस, आजपासूनच. तोंड सुजेल, साखर वाढेल, कुठलाही जंतू आत शिरेल, लक्ष ठेवावं लागेल. पण थांबायचं नाही."

"उद्यापासून सुरू केलं तर?"

ते शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले आणि खोलीत तसेच राहिले. कॉलेज तेव्हा बंद झालेलं होतं, रक्त फिरवून सीरम वेगळं करायचं यंत्र कुलपात होतं, चावी शिपायाकडं होती. एका दिवसानं रक्तात काही फरक पडत नाही हे तिला इतर कुणापेक्षाही नीट ठाऊक होतं. तरी ती म्हणाली होती. औषधाचा थेंबही न लागलेलं, पहिलं, कडक सीरम. तिनं परदेशातून मागवलेली अँटिबॉडीची कुपी मुंबईच्या कस्टममध्ये पडून पडून वितळून मेली होती. दुसरी मागवायला मंजुरी येत नव्हती. आणि इथं, तीन हातांवर, ती वस्तू एका माणसाच्या नसांतून वाहत होती. तो माणूस तिचा बाप होता. डॉक्टरांना वाटलं, मुलगी स्टेरॉईडला घाबरते आहे. ते तिला समजुतीच्या स्वरात सांगू लागले, की भीती साहजिक आहे, पण एक दिवसही दवडू नये. ती मान डोलवत राहिली. त्यांचा गैरसमज तिनं तसाच राहू दिला.

गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. आबा जळोचीत तिच्याकडंच राहिले. डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते, शिवाय गोठ्यात परत जायला नको. डॉक्टरांनी केळीची पानं अंथरायला सांगितली होती, चादरीला जखमा चिकटतात, पानाला चिकटत नाहीत. दादासो सायकलच्या कॅरिअरवर पानांचे भारे बांधून आणी. पुढल्या खोलीत सतरंजीवर हिरवी पानं, त्यावर उघड्या अंगानं आबा, आणि छातीवर गुलाबी ओले चट्टे. मदतीला आबांची बहीण नकोशी आत्या आली. पाचवी मुलगी म्हणून तिचं नाव तसं ठेवलेलं, पण नावाचं दुःख करत बसायला तिला कधी सवड मिळाली नव्हती. ती आल्या आल्या म्हणाली, "लागट हाय का गं हे?"

"न्हाय आत्या. कुणाला लागत न्हाय."

"लागलं तरी आता मी काय ल्हान हाय व्हय," आत्या म्हणाली आणि पदर खोचून पाठ पुसायला बसली. योगिनीला मात्र ते इतकं सहज जमलं नव्हतं. ती मिठाचं कोमट पाणी करी, कापूस उकळून घेई, गोळ्यांच्या वेळा पाळी, पण बापाच्या अंगाला हात लावताना तिची बोटं अडत. आजवर तिनं त्याला असं उघडं पाहिलेलंही नव्हतं. आणि हात लावला की डोक्यात चित्र येई. इथं, या चट्ट्याच्या काठाला, अगदी खालचा पेशींचा एक थर अजून जमिनीला धरून उभा आहे, ओळीनं, आणि वरच्या सगळ्या सुटून पाण्यात तरंगताहेत. पाठ पुसता पुसता ती थर मोजू लागे. एकदा आबा कण्हले तेव्हा तिला समजलं, की आपला कापूस केव्हाचा एकाच जागेवर थांबला आहे आणि आपण बघतो आहोत, नुसतं बघतो आहोत.

रक्त तिनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मागितलं होतं. मागितलं म्हणजे, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली सुई आणि नळ्या घेऊन ती आबांच्या बाजूला बसली आणि दवाखान्याच्या आवाजात म्हणाली, "आबा, रक्त तपासायचंय." आबांनी दंड पुढं केला. तिथं एक तळहाताएवढी जागा चांगली होती. मग त्यांनी विचारलं, "कुणासाटी?"

"म्हंजे?"

"डाक्टरनं काल नेलं की रगात. हे कुणासाटी?"

आत्या पान पुसता पुसता थांबली. योगिनीला खोटं बोलता आलं असतं. "माझ्यासाठी," ती म्हणाली. "माझ्या कामाला."

आबांनी तिच्याकडं बघितलं. तोंडातल्या फोडांमुळं ओठ सुजले होते, त्यामुळं ते हसले की आणखी काय, ते समजलं नाही. "मग घे की," ते म्हणाले. "दवाखान्याचा आवाज कशापायी काढतीस?"

शनिवारी तिनं बर्फाच्या थर्मासमध्ये ती छोटी कुपी घालून पुण्याची गाडी धरली. लाल काहीच उरलं नव्हतं त्यात. रक्त गोठून, फिरवून, वरचं पिवळसर पाणी तेवढं घेतलेलं. उन्हात धरलं तर उसाच्या रसाच्या निवळीसारखं दिसलं असतं. दामले सरांकडं माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवलेल्या होत्या. तिनं त्यांच्यावर सीरम घातलं, धुतलं, चमकणारा रंग जोडला, पुन्हा धुतलं आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. तिनं आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. काळ्यावर हिरवी जाळी, पेशीपेशीच्या कडेनं, एकसुद्धा दोरा न तुटलेली. पेशी स्वतः दिसत नव्हत्या, फक्त त्यांनी एकमेकींना जिथं धरलं होतं ती जागा दिसत होती. तिचा श्वास काचेवर जमला. तिनं हाक मारायच्या आधीच सर आत आले होते, बराच वेळ डोळा लावून बसले, आणि उठले तेव्हा त्यांचा चेहरा पंचविशीतल्या पोरासारखा झाला होता. "योगिनी, हे सोनं आहे. कुणाचं सीरम?"

"एका पेशंटचं. बारामतीच्या."

"आणखी मिळेल?"

तिला एकदम सरांचा राग आला. मग आठवलं, की हाच प्रश्न डोक्यात घेऊन आपण दिवे घाटाच्या वळणांवरून इथवर आलो. "मिळेल," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात तिला एका जागी बसवेना. आबांना गुण येऊ लागला. नवे फोड यायचे थांबले, मग जुन्या जागा कडेकडेनं भरू लागल्या, मग एके दिवशी त्यांनी ज्वारीची भाकरी मागितली आणि आत्यानं ती दुधात न कुस्करता दिली. आबा चावत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चावत होते. योगिनी दारात उभी राहून बघत होती. त्याच आठवड्यात पुण्यातली जाळी फिकी पडली. सीरम नवं, पेशी त्याच, दिवा तोच, पण हिरवे दोरे विटल्यासारखे. पुढल्या खेपेला आणखी. आबांच्या छातीवर कातडी धरू लागली की सरांच्या अंधाऱ्या खोलीत उजेड कमी होई. रविवारी ती आबांची पाठ तपासून आनंदानं दादासोला फोन करी, आणि शनिवारी सर हळहळले की त्यांच्याबरोबर हळहळे. दोन्ही खरं होतं. दोन्हींच्या मधे कुठं उभं राहायचं ते तिला उमगत नव्हतं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी नेहमीचा विनोद केला, मॅडम पेशींचं जुळवतात, स्वतःचं कधी जुळवणार? एरवी ती हसून सोडून देई. त्या दिवशी तिनं खडू इतक्या जोरात ठेवला की तो मोडला. पहिल्या कुपीतलं जे उरलं होतं ते ती थेंबथेंब वापरत होती. प्रश्न मात्र पहिल्यांदाच बोलू लागला होता. अँटिबॉडी नुसती फटीत पाचर मारत नव्हती. ती बसली, की थोड्या वेळानं पेशी स्वतःच आपले आकडे आत ओढून घेत होती. म्हणजे कळत होतं. शेजारीण सुटायच्या आधीच तिला आतून कळत होतं. हे दोनदा दिसलं. छापायला आणखी दाखवावं लागणार होतं, आणि त्यासाठी आणखी सीरम.

पावसाळ्यात आबा डाळजला परतले. चेहरा चंद्रासारखा गोल झाला होता, मानेवर मांस आलं होतं. रोहिणीनं ओसरीवर त्यांची खाट घातली, पोरगं त्यांच्या मांडीवर चढू लागलं. दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली, आणि एके दिवशी कॉलेजात दादासोचा फोन आला. "ताई, परत उठलंय." योगिनी मिळेल त्या गाडीनं भिगवणला उतरली आणि तिथून उसाच्या ट्रॅक्टरवर बसून डाळजला पोचली. दादासो मान खाली घालून उभा होता. "गोळ्या बंद केल्या मी. समदे म्हनाले, बरं झालंया, मग इख कशापायी खाऊ घालतुस? साखर लागली हुती रक्ताला. त्वांड बघवत न्हवतं. मला वाटलं..." आबा ओसरीवर बसले होते. छातीवर चार नवे फोड होते, तणावलेले नाहीत, सैल, पाण्यानं भरलेले. योगिनीनं वाकून बघितलं, आणि कुणी कानात बोलावं इतकं स्पष्ट तिच्या मनात आलं: आता जाळी लख्ख दिसेल.

ती ताठ झाली. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत सुई होती, नळ्या होत्या, थर्मास होता. जळोचीतून निघताना तिनंच ते भरलं होतं. घाईत कपडे घ्यायला विसरली होती, थर्मास विसरली नव्हती. बापाला पुन्हा फोड आले हे ऐकून आपले हात आधी कुठं गेले, हे तिला तिथं, त्या ओसरीवर, रोहिणी पाण्याचा तांब्या पुढं करत असताना दिसलं. ती अंगणात गेली. उजनीच्या पाण्यावरून गार वारा येत होता. ट्रॅक्टरवरून पडलेली उसाची चिपाडं एक म्हैस चघळत होती. दादासोनं गोळ्या बंद केल्या त्या भीतीनं, मायेनं. आणि आपण? आपण काहीच केलं नव्हतं. आपण फक्त वाट बघितली होती, आणि ज्याची वाट बघितली ते झालं होतं. ती परत आत आली, गोळ्यांचं पाकीट फोडलं, ठरलेला मोठा डोस तळहातावर घेतला आणि आबांसमोर धरला. त्यांनी निमूटपणे गिळल्या. मग सदऱ्याची बाही वर सारली आणि दंड पुढं केला.

"घे."

"नको आबा."

"का? पुन्याला लागत असंल की."

"लागू दे. मला न्हाय पायजे."

आबांनी बाही खाली घेतली नाही. तसाच दंड उघडा ठेवून ते बसून राहिले. "मी गावात सांगितलंया," ते म्हणाले, "माझं रगात पुन्याला जातं. लेक काचंखाली बघती. मेंढरं व्हती तवा माझं कायतरी व्हतं. ऊस काय, कुनाच्याबी रानात उगवतो. ह्ये एक माझं व्हतं. आता न्हाय म्हणतीस."

आपण पापातून सुटलो असं वाटलं होतं, आणि ते सुटणंही या माणसाला लागलं होतं. तिनं त्यांची बाही खाली ओढली, जपून, कातडीला कापड न घासता. "आबा, तुमी बरं व्हा आधी," एवढंच ती म्हणाली, आणि त्यांनी तोंड वळवलं. तेव्हा ती परत गेली ती थर्मास रिकामा घेऊन. सरांना तिनं सांगितलं, पेशंट सीरम देत नाही. सर म्हणाले, समजावून बघ, त्याला काय तोटा आहे? ती म्हणाली, तो माझा बाप आहे सर. सर खुर्चीत मागं टेकले. मग त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तेही तिला सुखाचं झालं नाही.

आबांना यावेळी वेळ लागला. मधे न्यूमोनिया झाला, बारामतीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला, नकोशी आत्या बाकड्यावर बसून नुसती ओठ हलवत राहिली, आणि डॉ. विजयसिंहांनी एका सकाळी योगिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन्हीकडून धोका आहे, गोळ्या दिल्या तरी आणि काढल्या तरी. ती म्हणाली, द्या. या शब्दाला या वेळी दुसरा काही अर्थ नव्हता, म्हणून तो म्हणायला फार जड गेला. आबा निभावले. गोळ्या महिन्या महिन्यानं कमी होत गेल्या. चेहऱ्याची सूज उतरली आणि खालून म्हातारा, बारीक, ओळखीचा माणूस निघाला. पुढल्या वर्षी थंडी सरता सरता ती डाळजला गेली तेव्हा आबा बांधावर उभे होते. छाती, पाठ, तोंड, सगळं तिनं तपासलं. जुन्या जागी तपकिरी डाग होते. खांद्यावर तिनं बोट तिरपं घासून बघितलं. कातडी जागच्या जागी राहिली.

तिनं पिशवीतून सुई काढली. आबा बघत राहिले.

"आता काय उपेग?" ते म्हणाले. "आता साधंच हाय रगात."

"साधंच पायजे आबा. आजारातलं हाय माझ्याकडं थोडं. आता तुमचंच, पण बरं झालेलं, असं पायजे. दोन्ही शेजारी ठेवल्याबिगर कुणी इश्वास ठेवत न्हाय." हे खरं होतं. प्रयोगाला ते लागतच होतं, आणि त्याच माणसाचं असेल तर त्याहून चांगलं काही नाही. पण तिला ते इतक्या उशिरा सुचलं होतं की सांगताना ती सुईकडंच बघत राहिली.

"ह्यात काय दिसंल?"

"काय दिसाया न्हाय पायजे."

"आन् दिसलं तर?"

ती सुई टोचायची थांबली. "तर आजार आत हाय अजून."

आबांनी मूठ आवळली, शीर वर आली. "बघ मग नीट," ते म्हणाले.

शनिवारी पुण्यात तिनं दोन काचा केल्या. एकीवर पहिल्या कुपीतल्या सीरमचा शेवटचा थेंब, एकीवर हे नवं. पहिली तिनं आधी लावली. जाळी तशीच होती, हिरवी, अखंड. तिनं फोटो काढला. मग दुसरी काच लावली आणि डोळा टेकवायच्या आधी ती बराच वेळ मागं सरून बसली. सर दाराशी उभे होते. ते पुढं आले नाहीत. तिनं बघितलं. काळं. डावीकडं सरकवलं, उजवीकडं सरकवलं, वरखाली नीट केलं. काळं. कुठं एखादा दोरा चमकतो का म्हणून तिनं डोळे ताणले, डोळ्यांतूनच हिरवे ठिपके उठू लागले, म्हणून ते मिटून घेतले आणि परत उघडले. खाली पेशी होत्याच. एकमेकींना घट्ट धरून पसरलेल्या. आणि त्यांच्या कडेला कुणी जाऊन बसलं नव्हतं.

"फोटो घ्यायला हवा," सर हळू आवाजात म्हणाले. "पहिल्याला जितका वेळ दिलास तितकाच याला दे. नाही तर लोक म्हणतील, घाई केली."

तिनं कॅमेऱ्याचं शटर उघडलं. पहिल्या काचेला बराच वेळ लागला होता, तितकाच वेळ आता अंधाराला द्यायचा होता. खोलीत यंत्राचा पंखा तेवढा घुमत होता. धक्का लागू नये म्हणून तिनं हात मांडीवर ठेवले, श्वास बेतानं घेतला, आणि शटर तसंच उघडं ठेवून ती अंधारात बसून राहिली.